रविवारी चर्चमध्ये एक, कागदावर दुसरं?

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेवाले आपल्या दारात येणार. धर्म विचारणार, आणि 1931 नंतरच्या जनगणनेत पहिल्यांदाच सगळ्यांची जातही विचारणार. आपल्याकडच्या काही ख्रिस्ती घरांना हे दोन प्रश्न जड जाणार आहेत.

ख्रिस्ती धर्म जिल्ह्याला नवा नाही. बाणकोट आणि हर्णैला स्कॉटिश मिशनरी 1820 च्या दशकातच आले. पण चर्चला नेमाने कोण जातं, काय मानतं, हे जनगणना विचारतच नाही. तिथे धर्माचा एक रकाना, बस्स.

अमेरिकेच्या प्यू संस्थेने 2019-20 मध्ये देशभर सुमारे 30 हजार लोकांना समोरासमोर विचारलं. त्यातल्या ख्रिस्ती लोकांपैकी 54 टक्के कर्म मानतात, 31 टक्के दिवाळी साजरी करतात. आणि 33 टक्क्यांनी आपण अनुसूचित जातीचे, असं सांगितलं.

खरी गोम इथेच आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नावर केंद्राने 2022 मध्ये आयोग नेमला. पण आज मुलाची शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावर असेल, तर बाप धर्माच्या रकान्यात काय सांगेल? त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे. त्याची अडचण समजून घेणं कठीण.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. 1948 च्या जनगणना कायद्याने तुमची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवली जाते.

दुसरा घोळ वेळेचा. गणपतीत आपल्या वाडीतली माणसं मोजली तर घरं भरलेली, लावणीच्या दिवसांत मोजली तर निम्म्या घरांना कुलपं. चर्चचंही तसंच. नाताळला चाकरमानी येतात, जुलैच्या पावसात म्हातारी माणसंच उरतात. 2001 ते 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्याच सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, हे विसरून चालणार नाही.

म्हणून चर्चच्या मंडळींनी स्वतःच पाहणी करावी. नाव न विचारता, वर्षातून दोनदा, आणि जे येत नाहीत त्यांच्याही घरी जाऊन. दारात उभं राहून फक्त येणाऱ्यांची डोकी मोजता येतात. न येणारा का येत नाही, ते त्याच्या ओटीवर बसल्याशिवाय कळत नाही.