एकतारी पाक

दिवाळीच्या फराळात आमच्या सांगवीच्या घरी माझ्याकडे एकच खाते असते : रव्याच्या लाडवांचा पाक पाहणे. बोटाला तार आली की मी ओरडायचे आणि सौ.ने पातेले उतरवायचे. यंदा शेजारी भौतिकशास्त्र शिकणारी आमची कन्या उभी होती. म्हणाली, ''बाबा, मुळीच चिकटपणा नसलेला द्रव सांगा.''

''पाणी,'' मी म्हणालो. मी मराठीचा मास्तर!

''पाण्यालाही थोडा असतोच. मी द्रवरूप हेलियमबद्दल बोलतेय.''

फुग्यात भरतात तोच हा वायू. १९०८ साली लायडनला कामर्लिंग ओनेस यांनी त्याचा द्रव केला, शून्याखाली २६९ अंशांवर. तो आणखी दोन अंश थंड केला की त्याची उकळी एकाएकी थांबते. प्राचार्य दारात दिसताच वर्ग थांबावा तशी. आतली उष्णता इतक्या झपाट्याने पसरते की बुडबुडा धरायला जागाच उरत नाही. मग हा द्रव, पाणी अडेल अशा सूक्ष्म फटींतूनही विनासायास वाहतो. पेल्यात ठेवा, त्याचा पातळ पापुद्रा भिंत चढून काठ ओलांडतो आणि बुडाशी थेंबथेंब गळतो. दूध उतू जाते ते निदान दिसते तरी! मॉस्कोत कापित्सा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिझनर यांनी हे वाहणे मोजले. दोन्ही टिपणे १९३८ साली छापून आली. मी याला 'अतिप्रवाहिता' म्हणतो.

''पण असे का?'' सौ.ने विचारले.

''दापोडीवरून तुकोबांची पालखी जाते ना? बाजारात ज्याला त्याला धक्का लागतो. दिंडीत सारे एका तालावर. इथे अणूंची दिंडी होते; वेग फार नसेल तर भिंतीला एकट्या अणूला मागे ओढता येत नाही.''

आता माझी पाळी, असे समजून मी म्हणालो, ''आणि हेलियम सापडला आपल्या विजयदुर्गावर! १८६८ च्या ग्रहणात, लॉकयरसाहेबाला.''

''बाबा, त्या वर्षी लॉकयर इंग्लंडातच होते. ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच ऑक्टोबरात पाहिली. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झींना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता, १८९५ मध्ये.''

पंधरा वर्षे मी सहलीच्या मुलांना किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवून ही गोष्ट रंगवून सांगत आलो. त्यातली काही मुले आता स्वतः मास्तर आहेत. तेही तीच सांगत असणार. कुणाकुणाला पत्रे लिहू?

तेवढ्यात पाक दोनतारी होऊन गेला. सौ.ने काही न बोलता त्यात पाण्याचा हबका मारला.