सिकलसेल : चूक केंद्रकात, पण सगळे तिथेच ठरत नाही

"डॉक्टर, रोग जन्मापासून रक्तातच आहे, मग औषधाने काय होणार?" चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल रुग्णांच्या घरचे हा प्रश्न नेहमी विचारतात. रोग जन्मजात आहे हे खरे. पण म्हणून काहीच करता येत नाही, हे खरे नाही.

पेशीच्या केंद्रकात आई-वडिलांकडून आलेली जनुके असतात. केंद्रक फक्त कृती सांगते. प्रत्यक्ष स्वयंपाक भोवतालच्या पेशीद्रवात होतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या कृतीत एकाच अक्षराची चूक असते. लाल पेशी हाडांच्या मगजात तयार होते आणि रक्तात येण्याआधी आपले केंद्रक टाकून देते. उरते ते हिमोग्लोबिनने भरलेले पेशीद्रव.

आता सगळे या पेशीद्रवावर येते. त्यातले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते, ऑक्सिजन सोडताच त्याचे कडक दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, छाती, पोट असह्य दुखते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस.

म्हणून मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला रुग्णाला रिकाम्या बाटलीने पाठवू नका. या आजारात मूत्रपिंडालाही पाणी नीट राखता येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध केंद्रकातली चूक पुसत नाही. ते बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवते आणि पेशी वाकणे कमी होते. डॉक्टरांना न विचारता ते सुरू किंवा बंद करू नका. मूल हवे असेल तर आधी सांगा. ताप आला, छातीत दुखले, दम लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

२०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तपासण्या वाढल्या. हे चांगलेच झाले. पण माझे मत स्पष्ट आहे : नुसते कार्ड हातात देऊन उपचार होत नाही. औषध गावाजवळ मिळाले पाहिजे, फळीवर आणि रोपणीच्या बांधावर पिण्याचे पाणी असले पाहिजे.

लग्नाआधी दोघांनीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आणि दोष एकट्या सुनेला देऊ नका. ही चूक आई आणि वडील दोघांकडून येते.