माय-आजीची बोली

परगावची नवी सून माहेरच्या आठवणीनं रडत होती. सासूनं विचारलं, "काहून वं, रडून राह्यली?" सुनेला वाटलं, सासूबाई रागावल्या. खरं तर त्यात मायाच होती: 'का गं, रडते आहेस?'

मैत्रिणींनो, किन्हीराजातली ही आपली वऱ्हाडी. पाहुण्यांपुढे मात्र आपण ती गिळतो, लेकरांना 'शुद्ध बोल' म्हणून दटावतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिला गेला. आद्य कवयित्री महदंबाही त्याच महानुभाव परंपरेतली. मग लाज कशाची?

शाळेत प्रमाण मराठी शिकवाच. पण घरातली बोली सुटली, तर नातवंडं आजीपासून तुटतील. नव्या सुनेला हसू नका. रोडगे शिकवता तशी बोलीही मायेनं शिकवा.