डोळे झाका, मग लिहा

ज्याचे म्हणणे खोटे ठरण्याची सोयच नाही, त्याचे म्हणणे खरे मानण्याचेही कारण नाही. हा नियम न्यायालयात चालतो, शाळेत चालतो, मंडईत वांगी घेतानाही चालतो. एका दरबारात मात्र त्याला प्रवेश नाही. तो दरबार म्हणजे हाय-फाय ध्वनियंत्रांच्या परीक्षकांचा! तेथे अँप्लिफायरचा आवाज मखमली असतो, लाउडस्पीकर श्वास घेतो, तार बदलताच गायिकेच्या गळ्याला चंदेरी झाक येते, आणि दोन स्वरांमधली शांतता पूर्वीपेक्षा काळीभोर होते. वाचकहो, काळीभोर शांतता आणि करडी शांतता यांतला फरक ज्याला शपथेवर सांगता येईल, त्याने खुशाल पुढे यावे.

हा चार श्रीमंत हौशी मंडळींचा वाद आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून पान उलटू नका. यंदाच्या बोनसमधून बरेसे स्पीकर घ्यावेत, आजोबांच्या रेकॉर्डी पुन्हा घरात घुमाव्यात, असा बेत आज कितीतरी घरांत शिजत असेल. दुकानात निवांत बसून ऐकायची सोय आता क्वचितच मिळते. खोके थेट दारात येते. त्याआधी घरातला मुलगा किंवा मुलगी चार परीक्षणे वाचते आणि आईबाबांना निकाल सांगते. म्हणजे परीक्षकाचे कान तेच आपले कान. या उसन्या कानांच्या भरवशावर आपण वर्षाची शिल्लक मोडतो. मग ते कान कसे आहेत, हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही काय?

ही परीक्षणाची विद्या मूळची वाईट नाही. १९६२ साली अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट या गृहस्थांनी 'स्टिरिओफाइल' नावाचे नियतकालिक काढले. त्यापूर्वी ते 'हाय फिडेलिटी' या मोठ्या मासिकात होते, आणि जाहिरातदाराला दुखवायचे नाही म्हणून परीक्षण गुळमुळीत करायचे, या रिवाजाला कंटाळून बाहेर पडले होते. त्यांचे म्हणणे साधे होते : यंत्र प्रयोगशाळेत मोजता तसे घरात बसून ऐका, आणि ऐकले ते लिहा. १९७३ साली हॅरी पिअरसन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड' काढले आणि कसोटी ठेवली ती खऱ्या सभागृहात, खऱ्या वाद्यांच्या, विजेच्या मदतीवाचून उमटणाऱ्या आवाजाची. दोन्ही विचार निकोप होते. पण बी चांगले म्हणून शेतात तण माजायचे थोडेच राहते! ऐकले ते लिहा, या उपदेशाचे पुढे वाटले ते लिहा झाले, आणि वाटण्याला तर कोठे कुंपणच नसते. खुद्द होल्ट २००७ साली, आपल्या नियतकालिकाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, याच गोष्टीवर चिडून बोलले. डोळे झाकून यंत्रे ताडून पाहण्याची साधी शिस्तही हा धंदा पाळीत नाही, म्हणून त्याचे हसे झाले आहे, असा त्यांचा ठपका होता. घराण्याच्या मूळ पुरुषानेच कान धरला. पण वंशजांनी काही तो फारसा मनावर घेतला नाही.

डोळे का झाकायचे? आम्हा शिक्षकमंडळींना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षक लबाड असतो म्हणून ही व्यवस्था केलेली नाही. तो प्रामाणिक असला तरी माणूस असतो, आणि हुशार म्हणून गाजलेल्या मुलाचे नाव दिसले की लाल शाईचा हात आपोआप सैल पडतो, म्हणून केली आहे. ध्वनियंत्रांच्या बाबतीत नेमके हेच फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले. त्यांनी ४० श्रोत्यांना चार लाउडस्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसताच ऐटबाज, थोराड स्पीकरांचे गुण वाढले आणि स्वस्त, चिमुकल्या संचाचे घसरले. खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखरच बदलतो. पडद्याआडून ऐकताना तो बदल श्रोत्यांच्या ध्यानात येत होता, डोळे उघडताच मात्र त्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. बहुतेक श्रोते त्याच कंपनीचे नोकर होते, म्हणजे अगदीच अडाणी नव्हेत. कान तेच राहिले. मध्ये डोळ्यांनी तोंड घातले, इतकेच.

यावर परीक्षकांचे ठरलेले उत्तर आहे. ते म्हणतात, "अशा घाईच्या परीक्षेत कान बिचकतो. बारीक फरक घरी, निवांतपणे, महिनोन्‌महिने ऐकल्यावरच उमगतात." ठीक आहे. महिने कशाला, वर्षे घ्या! अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या रेकॉर्डी शौकीनांत फार नावाजलेल्या. मूळ फितीवरून थेट तबकडी, मध्ये संगणकाच्या आकड्यांचा विटाळ नाही, अशी ग्राहकांची समजूत, आणि कंपनीच्या जाहिरातींनी ती पोसलेली. काही रेकॉर्डींची किंमत सव्वाशे डॉलर. अनेक जाणत्यांनी त्यांची स्तुतिस्तोत्रे गायिली. २०२२ च्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने तक्रार पुढे आणली, आणि कंपनीच्या तंत्रज्ञांनी कबूल केले की, २०११ पासून कित्येक रेकॉर्डी करताना मधली पायरी डिजिटलच होती. अकरा वर्षे! स्वतःचे घर, स्वतःची खुर्ची, लाखमोलाची यंत्रे, हवा तेवढा वेळ; तरीही जे डिजिटल म्हणे यांना दाराबाहेरून ओळखू येते, ते मांडीवर येऊन बसले तरी कळले नाही. त्या रेकॉर्डी वाईट होत्या असे मी म्हणत नाही. त्या उत्तमच होत्या, आणि त्यांना उत्तम म्हणणाऱ्यांचे काही चुकले नाही. चुकले ते उत्तमपणाचे कारण आपल्याला ऐकू येते असा दावा करणाऱ्यांचे.

आता दुसऱ्या पंथाचे लोक टाळ्या पिटू लागले असतील. हे आकडेवाले. त्यांच्या मते यंत्राशेजारी मोजमाप मांडले की परीक्षकाचे काम संपले. कान हे केवळ चष्मा अडकवायचे साधन. त्यांनाही नमस्कार! १९७० नंतरच्या दशकात अँप्लिफायरच्या कारखानदारांत शतांश-सहस्रांशांची चढाओढ लागली होती. ज्याच्या विकृतीच्या आकड्यात दशांशचिन्हापुढे शून्ये अधिक, तो श्रेष्ठ. पण एवढीच विकृती मोठ्या आवाजात होते की मंद आवाजात, स्वराच्या जवळपास पडते की दूर, यावर ती कानाला सोसणे-न सोसणे अवलंबून असते. एक आकडा हे सांगत नाही. शंभर आकडे सांगतील, पण वाचणाऱ्या गृहिणीला ते उलगडून कोण देणार? मोजमाप हा पुरावा आहे; निकालपत्र कोणी तरी लिहावेच लागते.

मग वाचावा असा परीक्षक कोणता? माझ्या मते त्याची ओळख पाच प्रश्नांत पटते. पहिला : त्याने शेजारी दुसरे यंत्र ठेवले होते काय, आणि दोघांचे आवाज मोजून सारखे केले होते काय? अगदी एखाद्या डेसिबलने मोठे वाजणारे यंत्र आपल्याला मोठे वाटत नाही, चांगले वाटते. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. दुसरा : त्याने खोली सांगितली काय? खर्जाच्या प्रदेशात निम्मे राज्य खोलीचेच असते. कोपऱ्यात सरकवलेला स्पीकर ढोल बडवू लागतो, मग दोष कोणाचा? तिसरा : जोडी कोणाशी जमेल, हे त्याने सांगितले काय? एक स्पीकर तेवढ्याच विजेवर ९२ डेसिबल देतो आणि दुसरा ८६, तर दुसऱ्याला तितकाच आवाज काढायला चौपट शक्ती लागते. मखमली म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य संसारी माणसाचे पैसे वाचवते.

चौथा प्रश्न संगीताचा. ज्याला खऱ्या तंबोऱ्याची जवारी ठाऊक नाही, त्याला स्पीकरने ती बोथट केली हे कसे कळणार? डग्ग्यावरची घुमारेदार मींड आणि खोक्यातला नुसता धप्प आवाज, हा भेद बैठकीत बसलेल्या कानालाच दिसतो. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहीत, तेव्हा त्या लेखणीमागे स्वतः गाणारा आणि चाली बांधणारा माणूस होता. 'संत तुकाराम' चित्रपटाचे संगीत त्यांचेच. यंत्रपरीक्षकाने गायलेच पाहिजे असे नाही, पण निदान यंत्रावाचूनचे गाणे त्याने पोटभर ऐकलेले असावे. नाहीतर तो एका खोक्याची तुलना दुसऱ्या खोक्याशी करीत आयुष्य काढतो, आणि दोन्ही खोकी कशाची नक्कल करीत आहेत याचा त्याला पत्ताच नसतो.

पाचवा प्रश्न पैशाचा, आणि तो विचारायला आपण उगाच लाजतो. यंत्र विकत घेतले होते, की कंपनीने 'वापरा सावकाश' म्हणून दिले होते? परत केले, की सवलतीत ठेवून घेतले? त्याच अंकात पुढच्या पानावर जाहिरात कोणाची आहे? उसने घेतलेल्या यंत्रावर प्रामाणिक लिहिता येत नाही असे नाही. पण उसने घेतल्याचे सांगितल्याशिवाय प्रामाणिक म्हणवून घेता येत नाही. शेवटी त्याच्या मागच्या दहा परीक्षणांवरून नजर फिरवा. दहाही यंत्रे अप्रतिम असतील, तर तो परीक्षक नव्हे, भाट आहे. ज्या वर्गात कोणीच नापास होत नाही, त्या वर्गातल्या पहिल्या नंबराला काय किंमत?

चांगला परीक्षक मिळणे दुर्मीळ आहे, परंतु अशक्य नाही. ध्वनी मोजणारे आणि ऐकणारे, दोन्ही अंगांनी चोख लिहिणारे लोक आजही आहेत. त्यांचे गद्य फारसे रसाळ नसते. "या दोघांत मला फरक आढळला नाही; स्वस्त आहे ते घ्या," असे ते कधी कधी लिहितात. त्या वाक्याने कोणाचा दौरा निघत नाही, कोणाची जाहिरात येत नाही. पण उरलेल्या पैशांत एखाद्या घरात मुलीसाठी तंबोरा येऊ शकतो, आणि त्याच्या आवाजाचे परीक्षण करायला कोणालाच बोलवावे लागत नाही.