मैदानात फक्की आपल्या पोरांच्या हाती, माईक कुणाच्या हाती?

शाळांच्या क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या की तालुक्याच्या मैदानावर एक चित्र हमखास दिसतं. फक्की मारणारी, मॅट उचलणारी, खुर्च्या लावणारी, पाण्याचे जार आणणारी पोरं एका बाजूला. गुणपत्रक लिहिणारी, घड्याळ धरणारी, माईकवर बोलणारी पोरं दुसऱ्या बाजूला. कोणती पोरं कोणत्या वस्तीतली, हे वेगळं विचारावं लागत नाही. सर सांगतात, "ही पोरं दणकट आहेत, यांना अंगमेहनत जमते." आम्ही विचारतो, आकडे जमत नाहीत हे कुणी ठरवलं? पेन कधी हातात देऊन पाहिलं?

ही वाटणी नवी नाही. पालवणकर बाळू हा डावखुरा फिरकी गोलंदाज चांभार समाजातला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. फलंदाजी मात्र त्यांना करू दिली जात नव्हती. पुढे ते हिंदूंच्या संघात आले. मैदानात त्यांचा चेंडू चालायचा, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर आणि मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, 1923 साली आणि तेही संघर्षानंतर. म्हणजे हात घ्यायचे आणि डोकं नाकारायचं. शाळेच्या मैदानावर आज तीच वाटणी शिस्तीच्या नावाने चालते.

"खेळात जात नसते" असं सांगणाऱ्यांना आम्ही 2021 चं टोकियो आठवायला सांगू. वंदना कटारिया ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. जी जात ऑलिम्पिकपर्यंत पाठलाग करते, ती तालुक्याच्या मैदानाबाहेर थांबत असेल का?

आता मूळ प्रश्न. शाळा स्पर्धा घेते कशासाठी? ढाल मिळवण्यासाठी, की पोरांना शिकवण्यासाठी? नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 मध्ये, अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको, खेळातून इतर विषय शिकवा, असं छापलेलं आहे. प्रत्यक्षात पी.टी.चा तास गणिताचे सर घेतात आणि स्पर्धेच्या आठवड्यात संघातल्या बारा पोरांचा अभ्यास बुडतो. बाकीची शाळा टाळ्या वाजवते. भिंत होती तशीच आहे.

साधं गणित घ्या. आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा सात सामन्यांत संपते. चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले तर अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात मिळतात. सात आणि अठ्ठावीस हे आकडे पोरांनाच काढायला लावा, वेळापत्रक त्यांनाच करू द्या. गणित तिथेच शिकून होतं. त्यासोबत आणखी एक गोष्ट कळते. नियम आभाळातून पडत नाहीत, कुणीतरी ठरवतं. ज्याच्या हाती नियम, त्याच्या हाती कुणाला किती संधी मिळणार ते. बाबासाहेबांच्या पोरांनी हा धडा शाळेतच शिकायला हवा.

खो-खोत कोण किती वेळ टिकलं याची नोंद म्हणजे सरासरी आणि आलेख. लांब उडी म्हणजे मोजमाप आणि दशांश अपूर्णांक. धावताना छाती का भरून येते हे विज्ञान. सामन्याची बातमी लिहिणं ही भाषा. पंच होऊन आपल्याच मित्राला बाद देणं आणि तो निर्णय त्याने मान्य करणं, यापेक्षा नागरिकशास्त्राचा चांगला तास कोणता? पण हे सगळं तेव्हाच घडतं, जेव्हा कामं फिरती असतात. आज फक्की मारणारा उद्या गुणलेखक झाला पाहिजे आणि माईकवाल्याने मॅट उचलली पाहिजे. मुलींनी फक्त स्वागताची ओवाळणी करायची, हेही बंद झालं पाहिजे. त्या खेळतील आणि पंचही होतील.

आपल्या वस्तीतल्या पालकांशीही आम्हाला बोलायचं आहे. "खेळून पोट भरतं का, पुस्तक घे" हे आपण रोज ऐकतो. त्यामागची भीती खरी आहे, कारण शिक्षणाशिवाय आपल्याला दुसरा आधार नाही. पण उलटा सापळाही ओळखा. आपलं पोर वेगाने धावतं म्हणून शाळा त्याला मैदानावर ठेवते आणि वर्गात मागच्या बाकावर विसरते. गुडघा दुखावला की खेळ संपतो आणि हाती अभ्यासही नसतो. राज्यात नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. तिथवर पोहोचायला बूट, खुराक, प्रवासखर्च लागतो आणि अर्ज भरण्यापुरतं शिक्षणही लागतं. म्हणून खेळ की अभ्यास हा प्रश्नच आम्हाला मान्य नाही. आम्हाला दोन्ही हवं, एकाच मैदानावर हवं.

हे मागायला कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळसाहित्य शाळेला बंधनकारक आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक द्यावा लागतो. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. त्या जागांवर आपली माणसं आहेत का, की सह्या घरी येऊन घेतल्या जातात? या महिन्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीच्या शाळेत जाऊन एवढं तरी विचारावं: मैदान कुठे आहे, निदेशक कोण आहे, आणि मागच्या स्पर्धेत कोणत्या मुलाने कोणतं काम केलं? उत्तर लेखी मागा.

आणि शाळा हलेपर्यंत थांबायचं कारण नाही. 14 एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या पैशातून वस्तीची साखळी स्पर्धा होते. वेळापत्रक सातवीची मुलगी करेल, गुणलेखन नववीचा मुलगा करेल, अहवाल विहारात वाचला जाईल. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे तिन्ही शब्द एका मैदानावर मावतात. फक्कीचं घमेलं आणि माईक, दोन्ही फिरते ठेवा.

जय भीम!