थकलेले कर्ज आणि वकिलाची सनद

शैक्षणिक कर्ज थकवणाऱ्या वकिलाची सनद निलंबित करावी, या मागणीला भारतीय कायद्यात आधार नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१च्या कलम २४अ मध्ये नोंदणीस अपात्र ठरवणारी कारणे दिली आहेत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा त्यांत आहे, कर्जाची थकबाकी नाही.

मागणी करणारे विश्वासार्हतेचा मुद्दा पुढे करतात: जो स्वतःचे देणे फेडत नाही, तो पक्षकाराचा पैसा काय सांभाळणार? ही गल्लत आहे. पक्षकाराची रक्कम वकिलाकडे ठेव म्हणून असते. तिला हात लावणे हा अपहार. हप्ता मिळकतीतून जातो, आणि मिळकतच नसली तर तो थकतो. त्यात लबाडी नाही.

दुसरा मुद्दा धाकाचा: सनद जाण्याच्या भीतीने कर्ज फेडले जाईल. अमेरिकेत २०१७ साली १९ राज्यांत कर्ज थकल्यास व्यावसायिक परवाना रोखता येत असे. टेक्सासने २०१९ मध्ये हा कायदा मागे घेतला. परवाना गेला की कमाई थांबते, मग वसुली कशातून होणार?

हुबळीजवळच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या घरातला मुलगा हुबळीत कायदा शिकून धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात किंवा हुबळीच्या कोर्टात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उभा राहतो, तेव्हा काय घडते? चार लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे ५,४०० रुपये. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांसाठी १५,००० रुपये विद्यावेतन सुचवले. पण ती शिफारसच, सक्ती नव्हे. शिवाय वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करण्यास कौन्सिलचेच नियम मनाई करतात. जोडकमाईची वाट आधीच अरुंद असताना सनदही काढून घेणे हा सरळ अन्याय आहे.

कर्जदार मोकाट सुटतो, हेही खरे नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते, सिबिलचा गुणांक घसरतो, सहकर्जदार आईवडिलांनाही झळ लागते, आणि बँकेला दिवाणी दावा किंवा लोकअदालत खुली असते.

सनदेवर कारवाई व्हावी ती अप्रामाणिकपणासाठी. खोटा उत्पन्नाचा दाखला जोडून कर्ज उचलणारा किंवा ऐपत असून न्यायालयाचा आदेश धुडकावणारा वकील कलम ३५ खाली गैरवर्तनाच्या चौकशीस पात्र ठरू शकतो. समज, निलंबन, नोंदवहीतून नाव वगळणे, या तिन्ही शिक्षा तेथे आहेत. बाकीच्यांसाठी बँकांनी पहिल्या काही वर्षांचा हप्ता मिळकतीच्या प्रमाणात ठेवावा आणि मुदत वाढवून द्यावी. वसुली त्यातूनच होईल.