रिपोर्ट तिचा, मोबाईल कोणाचा?

वर्ध्याला संगणकावरची रुग्णनोंद नवी नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकच्या साहाय्याने ती वीसएक वर्षांपूर्वीच सुरू झाली. बाहेरगावहून आलेल्या रुग्णाची जुनी फाइल शोधत बसावे लागू नये, रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरला लगेच पडद्यावर दिसावा, यात वाईट काय आहे? मी या बदलाच्या बाजूचाच आहे. पण तो पडदा आणखी कोणाकोणाला दिसतो, हे विचारायला हवे.

फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालाने भारतीय रुग्णांचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन नाव-जन्मतारखेसह इंटरनेटवर उघडे पडल्याचे दाखवले. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या, तीन लाखांवर. त्यासाठी कोणा हुशार हॅकरची गरज पडली नव्हती. सर्व्हरला पासवर्डच नव्हता!

त्याहून जवळची गळती आपल्या घरात आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि 'आभा'चा १४ अंकी क्रमांक मोहल्ल्यातल्या शिबिरांपर्यंत पोचला. अम्मीचे, नानीचे, शेजारच्या खालाचे कार्ड काढून देणारे, ओटीपी वाचून दाखवणारे आपणच असतो. घरात स्मार्टफोन बहुधा एकच, तोही भावाचा किंवा नवऱ्याचा. नंबर तोच लागतो. मग तिच्या गर्भधारणेची तपासणी, क्षयाचा रिपोर्ट, मानसोपचाराच्या गोळ्या हे सगळे त्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये दिसू शकते. एखादा डॉक्टर तिची नोंद पाहायची परवानगी मागतो, तेव्हा 'हो'चे बटणही तोच दाबतो.

खरे तर योजनेचा आराखडा बरा आहे. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, दुसऱ्याला ती संमतीनेच दिसते, संमतीला मुदत घालता येते आणि ती मागेही घेता येते. आभा ऐच्छिक आहे, कार्ड नाही म्हणून उपचार अडत नाहीत. मी पाहिलेल्या शिबिरांत मात्र यातले अवाक्षरही कोणी काढले नाही.

कायद्याचे म्हणाल तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने काही अपवाद सोडता लेखी संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई केली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि बहुतेक तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची सवलत.

नाव आणि आजार एकत्र बाहेर पडले की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कोरोनाच्या पहिल्या लाटेत विलगीकरणातल्या लोकांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्या यादीत मुसलमान नाव असले की किराणा दुकानदारही कसा बघायचा, आठवते ना? आणि दर वेळी बाहेरचेच बघतात असेही नाही. क्षयाचा रिपोर्ट मोहल्ल्यात फुटला तर मुलीचे ठरलेले लग्न मोडायला आपलेच लोक पुरे होतात.

म्हणून शिबिरात टेबलावर बसाल तेव्हा नंबर टाकण्याआधी तिलाच विचारा. पहिला ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, पण संपर्काचा नंबर वेगळा देता येतो. एसएमएस साध्या बटणाच्या फोनवरही येतो, त्याला स्मार्टफोन लागत नाही. 'कोणी डॉक्टर ओळखीचा आहे का' म्हणत रिपोर्ट खानदानाच्या ग्रुपवर टाकायचाच असेल, तर तिला विचारून आणि वरचे नाव कापून टाका. तुमच्यातले काही जण डीएमएलटी किंवा नर्सिंग करून लॅबमध्ये, वॉर्डात लागले आहेत. तिथे सोयीसाठी एकाच लॉगिनवर अख्खी शिफ्ट चालत असेल, तर कोणाची नोंद कोणी उघडली हे नंतर शोधूनही सापडणार नाही. स्वतःचे वेगळे लॉगिन मागा, लेखी अर्ज देऊन मागा.